माझी लाल दिव्याची गाडी

चार्जरवर लाल दिवा, बॅटरी १४ टक्के आणि सकाळी साडेनऊला मीटिंग! अशा वेळी काय करायचं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय अजिबात करायचं नाही? स्वतःच्याच चुकीतून शिकलेला हा इलेक्ट्रिक धडा...

लाल दिव्याची गाडी म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर मंत्रीच यायचे. २०१७ च्या मे महिन्यात त्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले आणि ती शान संपली. माझ्या नशिबी मात्र लाल दिवा आला तो गेल्या जूनमध्ये. फरक एवढाच, की तो गाडीच्या टपावर नव्हता, चार्जरच्या डब्यावर होता. आणि तो पाहून कुणी सलाम ठोकत नव्हतं, माझंच डोकं फिरत होतं!

त्याचं असं झालं... पुण्यातला पहिला सॉलिड पाऊस. हिंजवडीहून कोथरूडला पोचायला दोन तास. रात्रीचे साडेअकरा. भिजलेली ओढणी, पोटात कावळे आणि डॅशबोर्डवर १४ टक्के. नेहमीप्रमाणे पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग खोचला, दुसरं टोक गाडीत लावलं. एरवी हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. त्या रात्री लागला लाल. काढला, घातला, परत लाल. चार्जरवर दोन थापट्या मारल्या (रिमोट चालला नाही की आपण मारतो ना, तशाच). तरी लालच!

मॅन्युअल कोण वाचतं हो? मीही गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. त्या दिव्याचा अर्थ होता ‘अर्थ फॉल्ट’. म्हणजे अर्थिंगमध्ये गडबड. माझं ज्ञान तिथेच संपलं. अर्थिंग म्हणजे प्लगची ती तिसरी जाड पिन, एवढंच मला ठाऊक होतं.

पाच मिनिटांचं काम

सकाळी सोसायटीच्या वायरमन काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्या बिल्डिंगचा आधार. पंप, लिफ्ट, गीझर, सगळ्यावर त्यांचा हात फिरलेला. आले, टेस्टर लावला, दिवा लागला. “लाइट तर आहे मॅडम. तुमचा चार्जर फार नखरे करतोय. त्याला अर्थिंग पाहिजे, देऊन टाकू.”

“म्हणजे?”

“दोन इंचाची वायर. पाच मिनिटांचं काम.”

त्यांनी सॉकेट उघडलं, आत काहीतरी केलं, बंद केलं. प्लग लावला आणि... हिरवा! मला तर नाचावंसं वाटलं. दोनशे रुपये दिले, वर चहा. अर्ध्या तासात थोडंफार चार्जिंग झालं, ऑफिस गाठलं, मीटिंगमध्ये प्रेझेंटेशनही झक्कास झालं. लाल दिव्याचा किस्सा मी कॅन्टीनमध्ये रंगवून रंगवून सांगितला. ‘जुगाड’ या शब्दाला त्या दिवशी फुल मार्क्स होते.

पुढचे नऊ दिवस गाडी रोज रात्रभर त्या सॉकेटवर होती.

मिसळ राहिली बाजूला

दहाव्या दिवशी, रविवारी, कॉलेजमधली मैत्रीण मिसळ खायला आली. ती इलेक्ट्रिकलची, चाकणला चार्जर टेस्टिंगमध्ये काम करते. पार्किंगमध्ये गाडी बघून खूश झाली. मी तोच रंगवलेला किस्सा तिला ऐकवला. ‘दोन इंचाची वायर’ ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला.

“चार्जिंग चालू आहे आत्ता?”

“हो.”

“आधी अॅपवरून थांबव. मग एमसीबी पाड. मग प्लग काढ. याच क्रमाने. गाडीला हात नंतर लाव.”

ती थट्टा करत नव्हती. मी मुकाट्याने तसंच केलं. मग तिने विचारलं, “सकाळी ही गाडी कोण धुतं?”

आमच्याकडे गाड्या धुणारे एक काका आहेत. पहाटे सहाला येतात, अनवाणी, हातात बादली आणि फडकं. माझी गाडी तेव्हा चार्जिंगलाच लावलेली असते. मी हे सांगितलं आणि माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलतेय ते.

त्या दोन इंचांत काय होतं?

तिथेच पार्किंगच्या कट्ट्यावर बसून तिने मला फंडा समजावला. सॉकेटला तीन तारा येतात. फेज वीज आणते, न्यूट्रल ती परत नेते आणि अर्थिंगची तार एरवी काहीच करत नाही. ती असते फक्त वाईट दिवसासाठी. आत कुठे गळती झाली, गाडीच्या पत्र्यावर वीज आली, तर ती जमिनीत जायला सोपी वाट असावी म्हणून. आपल्या अंगातून जायची वेळ तिच्यावर येऊ नये म्हणून!

चार्जर चार्जिंग सुरू करण्याआधी ही तिसरी तार जागेवर आहे का ते तपासतो. नसेल, तर लाल दिवा. काकांनी काय केलं, तर सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून टाकले. चार्जरने विचारलं, “अर्थिंग आहे का?” न्यूट्रलने अर्थिंगचा आवाज काढून उत्तर दिलं, “आहे आहे!” झालं, हिरवा दिवा.

म्हणजे त्या नऊ दिवसांत माझ्या गाडीचा सगळा पत्रा न्यूट्रलला जोडलेला होता. न्यूट्रल शाबूत आहे तोवर फारसं काही जाणवत नाही. पण जुन्या बिल्डिंगमध्ये न्यूट्रलचा एखादा स्क्रू सैल झाला, एखादी तार तुटली, की फेजमधून आलेल्या विजेला परतीची वाट राहत नाही. मग ती त्या दोन इंचांतून गाडीच्या बॉडीवर येऊ शकते. २३० व्होल्ट. आणि खाली ओली फरशी, अनवाणी माणूस.

“पण एमसीबी आहे ना?” मी जरा घाईनेच विचारलं.

एमसीबी पडतो तो जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं तर. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या हिशेबात किस झाड की पत्ती! त्यासाठी लागतो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. जाणारी आणि येणारी वीज यात तेवढा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. आमच्या पॉइंटला तो नव्हताच. चार्जरच्या डब्यात असतं तसं संरक्षण, पण जोड त्याच्या मागे, सॉकेटमध्येच. न्यूट्रल तिथून मागे कुठे तुटला, तर डब्यातून जाणारी आणि येणारी वीज सारखीच दिसणार. म्हणजे डब्यालाही पत्ता लागणार नाही.

मिसळ राहिली बाजूला. त्या दिवशी मला भूकच नव्हती.

आधी बंद, मग बघ

मला वाटलं, आता ती स्क्रूड्रायव्हर मागेल. पण नाही. “सॉकेट मी उघडणार नाही. माझ्याकडे मीटर नाही, ग्लोव्ह्ज नाहीत. ते उद्या लायसन्स असलेला माणूस करेल. पण न उघडता बरंच काही कळतं. ये, दाखवते.”

तिची पद्धत मी आता पाठ केलीय. पहिली गोष्ट, चार्जिंग चालू असताना प्लग खेचायचा नाही. १४-१५ अँपिअर वाहत असताना पिन सुटली की ठिणगी पडते आणि पिन जळते. आधी गाडीवरून किंवा अॅपवरून थांबवायचं, मग एमसीबी, मग भिंतीतला प्लग, शेवटी गाडीतलं टोक. हात कोरडे, पायात चप्पल. पाणी साचलं असेल तर जवळ जायचंच नाही.

मग नाक. जळक्या प्लास्टिकचा वास लपत नाही. मग डोळे. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही टोकांच्या पिना बघायच्या. काळपट झाल्यात का, प्लास्टिक पिवळं पडलंय का, कुठे वितळलंय का, एखादी पिन वाकलीय का, आत पाणी, माती, मुंग्या? (हसू नका, पावसाळ्यात मुंग्यांना कुठलंही भोक चालतं.) केबल मुळाशी चिरलीय का? बोट, पिन, चिमटा यांपैकी काहीही आत घालायचं नाही. बघायचं फक्त.

आम्ही बघितलं. गाडीकडचं टोक स्वच्छ. भिंतीकडचा प्लग मात्र... एक पिन तपकिरी. सॉकेटच्या त्या भोकाभोवती पिवळं वर्तुळ. आणि मंद वास.

“हा प्लग गरम लागायचा का?”

लागायचा. महिनाभर लागायचा. मला वाटायचं, चार्जिंग म्हटल्यावर एवढं चालायचंच!

प्लग तापतो, कारण...

सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात, त्या पिनेला घट्ट धरतात. वापरून वापरून त्या सैल होतात. पकड सैल झाली की त्या जागी वीज अडखळते, म्हणजे रोध वाढतो आणि तिथे उष्णता तयार होते. किती? आपण शाळेत शिकलो होतो, करंटचा वर्ग गुणिले रोध. घरचा ३.३ किलोवॅटचा चार्जर साधारण १४ अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध एक दशांश ओहम जरी धरला, तरी सुमारे २० वॅट उष्णता एका पिनेच्या टोकावर! छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे भिंतीत एक सोल्डरिंग आयर्न खोचून आपण वर जाऊन झोपतो.

‘पण गीझरही त्याच सॉकेटवर चालतो की’ असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. गीझर चालतो पंधरा मिनिटं. गाडी चालते आठ-आठ तास, रोज. सॉकेटला थंड व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय तापल्यामुळे पट्टी आणखी सैल होते, सैल झाल्यामुळे आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

तपासायची सोपी युक्ती : अर्धा तास चार्ज होऊ द्या, वर सांगितलेल्या क्रमाने बंद करा आणि लगेच प्लगच्या प्लास्टिकवर हाताची मागची बाजू टेकवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर तो सॉकेट बाद. प्लगची पिन काळी झाली असेल तर तोही बाद. कारण जळकी पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की ती नव्यालाही बिघडवते. दोन्ही एकदम बदलायचे. पॉलिशपेपरने घासून पिन चकचकीत करायचा मोह टाळा. वरचा मुलामा गेला की ती आणखी लवकर खराब होते. तेलाचा स्प्रे तर नकोच, त्यावर धूळ मस्त चिकटते.

बऱ्याच गाड्यांत किंवा चार्जरवर करंट कमी करायची सोय असते. १४ ऐवजी १० अँपिअर केले तर तापणं जवळजवळ निम्म्यावर येतं. पण हा इलाज चांगल्या सॉकेटची काळजी घेण्यासाठी. जळका सॉकेट चालवून घेण्यासाठी नव्हे!

आधी शेकहँड, मग काम

गाडीकडच्या टोकाची गंमत वेगळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारना एसी चार्जिंगसाठी टाइप टू कनेक्टर असतो. मूळचा जर्मन, मेनेकेस कंपनीचा. त्यात सात पिना. पाच वीज आणि अर्थिंगसाठी, वरच्या दोन छोट्या फक्त गप्पा मारायला! फास्ट चार्जिंगच्या सीसीएस टूमध्ये त्याखाली आणखी दोन जाड पिना असतात.

त्या छोट्या पिनांपैकी एकीचं नाव ‘कंट्रोल पायलट’. चार्जर तिच्यावर १२ व्होल्ट ठेवतो. गाडी जोडली की ते ९ होतात, म्हणजे ‘मी आलेय’. गाडी तयार झाली की ६, म्हणजे ‘चल, सुरू कर’. मगच चार्जर आतला स्विच टाकतो आणि जाड पिनांत वीज येते. किती अँपिअर घ्यायचे, तेही याच पिनेवरून ठरतं. दुसरी पिन सांगते, की ही केबल किती करंट झेपणारी आहे.

म्हणजे शेकहँड झाल्याशिवाय मोठ्या पिनांत वीज नाही. आणि काढताना ही पायलटची पिन सगळ्यांच्या आधी सुटते, तर अर्थिंगची सगळ्यांत शेवटी. डोकं लावून केलंय हो! म्हणूनच ‘जोडलंय पण सुरूच होत नाही’ किंवा ‘मध्येच तुटतं’ अशी तक्रार असेल तर संशयित बऱ्याचदा या छोट्या पिना असतात. धूळ, दमटपणा, अर्धवट बसलेला कनेक्टर. नीट ‘खट्’ होईपर्यंत दाबला का, हे आधी बघा. आत ओल दिसली तर तोंड खाली करून कोरड्या जागी सुकू द्या. वापरात नसताना टोपी लावा. एवढ्यावर भागलं तर उत्तम, नाहीतर सर्व्हिस सेंटर.

पण लक्षात घ्या, ही सगळी हुशारी गाडीकडच्या टोकाची. भिंतीकडचा तीन पिनांचा प्लग बिचारा साधाच. बटण चालू असलं की तिथे वीज आहेच. तिथे शेकहँड नाही, सरळ झटका.

स्कूटरवाल्यांनो, तुम्हीही ऐका. दुचाकींसाठी आपल्याकडेच विकसित झालेल्या कनेक्टरच्या मानकाला बीआयएसने २०२३ मध्ये मान्यता दिली. पण घरचा प्लग, सॉकेट आणि अर्थिंग यांची कहाणी तुमचीही तीच आहे.

एका वेळी एकच बदल

आता प्रश्न, दोष नक्की कुणाचा? गाडी, चार्जर की भिंत? मैत्रिणीचा नियम सोपा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही.

आम्ही गाडी घेऊन जवळच्या मॉलमध्ये गेलो आणि तिथल्या एसी चार्जरला लावली. लगेच हिरवा. म्हणजे गाडीचं सॉकेट, पायलट पिन आणि आतला चार्जर ठीक. इथे एक गोम आहे. हीच परीक्षा फास्ट चार्जरवर केली असती तर ती अपुरी ठरली असती. डीसी फास्ट चार्जर गाडीच्या आतल्या चार्जरला वळसा घालून थेट बॅटरीत वीज भरतो. तिथे पास झालेली गाडी घरी नापास होऊ शकते.

चार्जरचा डबा दुसऱ्याकडे लावून बघायचा का? एरवी हो. पण जळका प्लग दुसऱ्याच्या भिंतीत खोचायचा नाही.

बाहेर गेल्यावर काय? सीसीएसच्या गनमध्ये शेकडो व्होल्ट डीसी असतात. तिथे आपलं काम फक्त बघण्याचं. गनचं प्लास्टिक फुटलंय, केबल सोलली गेलीय, आत पाणी दिसतंय, तर ती लावायची नाही, कंपनीच्या नंबरवर कळवायचं. गन ठीक दिसते पण चार्जिंग सुरू होत नाही, तर थांबवा आणि दुसरी गन लावा. तिथेही तीच कथा? मग बोट गाडीकडे. आणि गन गाडीतच अडकली तर ओढाताण करू नका. बऱ्याच गाड्यांत लॉक हाताने सोडवायची सोय असते. कुठे, ते मॅन्युअलमध्ये. (हो, तेच ते न वाचलेलं!)

मीटरही फसला

सोमवारी मी हाफ डे टाकला. परवानाधारक कॉन्ट्रॅक्टर आले. त्यांनी मुद्दाम मला उभं करून दाखवलं. जोड तसाच ठेवून त्यांनी मीटर लावला : फेज-न्यूट्रल २३१ व्होल्ट, फेज-अर्थिंगही २३१. एकदम परफेक्ट! मग मेन बंद करून ती दोन इंचाची वायर काढली आणि पुन्हा मोजलं. फेज-अर्थिंग चाळिसच्या आसपास, तेही स्थिर नाही. म्हणजे त्या तुकड्याने चार्जरलाच नाही, मीटरलाही फसवलं होतं.

मग तार शोधत शोधत ते पोचले डक्टमधल्या जंक्शन बॉक्सपर्यंत. पावसाचं पाणी आत आलेलं, अर्थिंगचा जोड गंजून सुटलेला. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री चार्जरने जे सांगितलं होतं, ते अक्षरशः खरं होतं.

बिघाड दोन होते. एक चार्जरला कळला आणि त्याने लाल दिवा लावला. दुसरा, जळणारी पिन, माझ्या हाताला रोज कळत होता आणि मी दुर्लक्ष करत होते. काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. माझ्याकडे हात होता की!

आता मीटरपासून वेगळी, जाड तांब्याची लाइन आलीय. एमसीबीच्या सोबतीला ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी. त्याचं टेस्ट बटण मी दर महिन्याच्या एक तारखेला दाबते, पगाराचा मेसेज आला की. सॉकेट जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या वर, म्हणजे साधारण कमरेच्या उंचीला. हे मी हौस म्हणून केलं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ साली चार्जिंगसाठी वेगळा भाग आला. त्यात ही उंचीही आहे, हा आरसीसीबीही आणि एक्स्टेंशन बोर्ड वापरायचा नाही हेसुद्धा. जळका प्लग केबलसकट सर्व्हिस सेंटरने बदलून दिला.

दोघे काका

वायरमन काकांना मी बोलावलं. जाब विचारायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, वीस वर्षं करतोय. वॉशिंग मशिनचं, फ्रीजचं. कधी काही झालं नाही.” मैत्रिणीने फोनवरूनच त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. न्यूट्रल तुटला तर काय होईल, हे ऐकल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, “सी विंगमध्ये दोन स्कूटर आहेत. त्यांनाही मीच...” आणि पिशवी उचलून तडक तिकडे गेले. त्यांना दोष तरी कसा देऊ? मला हिरवा दिवा हवा होता, त्यांनी तो दिला. ‘का लाल होता?’ हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सहाला उठून खाली गेले. गाड्या धुणारे काका आले होते. त्यांना म्हटलं, काका, आठ-दहा दिवस माझ्या गाडीच्या वायरिंगमध्ये गडबड होती. तुम्हाला कधी काही जाणवलं?

ते फडकं पिळत म्हणाले, “एक-दोनदा बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं होतं, ताई. मला वाटलं, वय झालं.”

न्यूट्रल नेहमी शून्यावर नसतो, बिल्डिंगमध्ये लोड वाढला की त्यावरही थोडे व्होल्ट चढतात, हे मैत्रिणीने मला नंतर सांगितलं. तेव्हा मी नुसतीच उभी होते. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला दिव्याने सांगितलं होतं आणि मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

आता पहाटे गाडी धुवायच्या वेळी चार्जर काढलेला असतो. त्यासाठी मी पाचचा टायमर लावलाय आणि पावणेसहाचा अलार्म. झोपेचं खोबरं होतं, पण चालतंय. आणि लाल दिवा लागला की मी आता थापट्या मारत नाही. खाली बसते, टॉर्च काढते आणि त्याला विचारते, “बोल, काय झालं?”

फंडा क्लिअर!

*हे तुम्ही करा*
• आधी अॅप किंवा गाडीवरून चार्जिंग थांबवा, मग एमसीबी, मग भिंतीतला प्लग, शेवटी गाडीतलं टोक.
• वास घ्या, टॉर्च लावून पिना बघा, बंद केल्यावर प्लग किती तापलाय ते बघा.
• लाल दिव्याचा अर्थ मॅन्युअलमध्ये वाचा आणि फोटो काढून ठेवा.
• दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला.
• आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

*हे फक्त लायसन्सवाल्याने करायचं*
• सॉकेट, जंक्शन बॉक्स, मीटर रूम उघडणं.
• अर्थिंग मोजणं. साधा टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही.

*हे कुणीच करायचं नाही*
• न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटमध्ये जोडणं.
• तिसरी पिन कापणं, एक्स्टेंशन बोर्ड लावणं.
• चार्जरचा डबा किंवा गन उघडणं.
• ‘पाच मिनिटांचं काम’ ऐकून खूश होणं!